गुंतवणुकीचा आलेख कसा वाचावा?
ऑनलाइन आलेख-साधनांची प्राथमिक ओळख

भारतातील डिमॅट खात्यांच्या संख्येने ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला आणि मार्च २०२४ अखेर ती १५ कोटींच्या वर गेली. एका व्यक्तीची एकाहून अधिक खाती असू शकतात. त्यामुळे खात्यांची संख्या म्हणजे गुंतवणूकदारांची संख्या नव्हे. तथापि राष्ट्रीय शेअर बाजाराकडे नोंदलेल्या स्वतंत्र गुंतवणूकदारांची संख्याही ऑगस्ट २०२४ मध्ये १० कोटींवर पोहोचली. घरगुती बचतीचा एक हिस्सा बँकेतील ठेवी, सोने आणि जमीन यांच्याकडून भांडवल बाजाराकडे वळत असल्याचे हे लक्षण आहे. या नव्या गुंतवणूकदारांपैकी बहुतेकांची बाजाराशी पहिली भेट होते ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील एका वरखाली होणाऱ्या रेषेतून. ताळेबंद वाचण्यास वेळ लागतो, त्यासाठी प्रशिक्षण लागते. आलेख मात्र क्षणात 'दिसतो'.

अडचण येथेच आहे. आलेख दिसणे आणि आलेख वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेख काढताना मापश्रेणी, आरंभीची तारीख, भावांचे समायोजन आणि तुलनेचा आधार यांबाबत काही निवडी कराव्या लागतात. ऑनलाइन साधनात या निवडी बहुधा आधीच केलेल्या असतात. त्या कोणत्या आहेत हे न पाहता काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो आणि त्याची किंमत बचतीतून मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या चार निवडींचा परिचय करून घेऊ आणि या साधनांचा उपयोग नेमका कशासाठी करावा याचा विचार करू. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि सामान्य अध्ययन या विषयांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना भांडवल बाजारातील काही महत्त्वाचे टप्पेही त्या ओघात लक्षात येतील.

आलेखाची पूर्वपीठिका

आर्थिक आकडेवारी रेषेच्या रूपाने मांडण्याची पद्धत फार जुनी नाही. स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषालेखाने दाखवले. आर्थिक आकडेवारीच्या आलेखांचे हे आरंभीचे पद्धतशीर उदाहरण मानले जाते. अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी १८८४ मध्ये निवडक कंपन्यांच्या भावांची सरासरी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे १८९६ मध्ये डाऊ जोन्स औद्योगिक सरासरी अस्तित्वात आली. आज सर्वत्र दिसणाऱ्या 'कॅन्डलस्टिक' आलेखाचे मूळ जपानमधील तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या परंपरेत सांगितले जाते. ओसाका येथील दोजिमा तांदूळ बाजाराला १७३० मध्ये अधिकृत मान्यता मिळाली होती.

भारतात मुंबईच्या दलालांनी १८७५ मध्ये 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' स्थापन केली. हाच आजचा मुंबई शेअर बाजार. त्याचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यासाठी १९७८-७९ हे आधारवर्ष धरून त्या वर्षाचे मूल्य १०० मानण्यात आले. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी या निर्देशांकाचा आधारदिन ३ नोव्हेंबर १९९५ असून आधारमूल्य १,००० आहे. दोन निर्देशांकांचे आकडे वेगळे का दिसतात, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या आधारमूल्यांत आहे. सेन्सेक्सचा आकडा निफ्टीच्या आकड्यापेक्षा मोठा आहे म्हणून त्यातील कंपन्या अधिक मौल्यवान आहेत, असे मुळीच नाही.

फळ्यावरील भावापासून पडद्यापर्यंत

१९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत शेअर बाजारातील व्यवहार सभागृहात हाकाटी करून होत. सामान्य गुंतवणूकदारास भाव कळत ते दलालाकडून किंवा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून. देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रादेशिक शेअर बाजार होते. पुण्याचा शेअर बाजार आणि पंजाबातील लुधियानाचा शेअर बाजार हे दोन्ही १९८० च्या दशकात उदयास आले. चंदीगडलगतच्या खरड शहरातील गुंतवणूकदारास लुधियाना जवळचे, तर साताऱ्याच्या गुंतवणूकदारास पुणे. दोघांनाही मुंबईतील भाव उशिरा कळत. भाव कोणाला आधी कळतो यावरच बऱ्याच अंशी नफा-तोटा ठरत असे.

हे चित्र एका दशकात पालटले. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाला, म्हणजे 'सेबी'ला, १९९२ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावरून सुरू केले. मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये तीच पद्धत स्वीकारली. १९९६ च्या निक्षेपागार कायद्याने कागदी प्रमाणपत्रांच्या जागी डिमॅट खाती आणली. २००० साली इंटरनेटवरून व्यवहारांस मुभा मिळाली. प्रादेशिक बाजारांतील उलाढाल आटत गेली आणि सेबीच्या २०१२ च्या निर्गमन धोरणानंतर पुणे व लुधियाना येथील शेअर बाजार बंद झाले.

आज खरड आणि सातारा येथील दोन गुंतवणूकदारांच्या हातातील पडद्यावर एकच भाव एकाच वेळी दिसतो. माहिती मिळण्यातील भौगोलिक विषमता यामुळे बरीच कमी झाली. माहितीचा अर्थ लावण्याच्या क्षमतेतील विषमता मात्र शिल्लक आहे आणि ती तंत्रज्ञानाने आपोआप दूर होत नाही.

आलेखाचे प्रकार

ऑनलाइन साधनांत प्रामुख्याने तीन प्रकारचे आलेख आढळतात.

(१) रेषालेख : प्रत्येक दिवसाचा बंद भाव एका बिंदूने दाखवून ते बिंदू जोडलेले असतात. दीर्घकालीन कल पाहण्यासाठी हा सर्वांत सोपा व पुरेसा प्रकार होय.

(२) कॅन्डलस्टिक आलेख : यात एका कालखंडाचे चार भाव असतात. ते म्हणजे उघडता भाव, उच्चांक, नीचांक आणि बंद भाव. मधला जाड भाग उघडता व बंद भाव यांतील अंतर दाखवतो. वर-खाली निघालेल्या बारीक रेषा, म्हणजे मेणबत्तीच्या वाती, उच्चांक व नीचांक दाखवतात. बंद भाव उघडत्या भावापेक्षा अधिक असल्यास रंग बहुधा हिरवा असतो, कमी असल्यास लाल. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. आदल्या दिवशीचा बंद भाव १०० रुपये असून आज व्यवहार ९५ रुपयांना उघडले आणि ९८ रुपयांना बंद झाले, तर मेणबत्ती हिरवी दिसेल. प्रत्यक्षात भाव आदल्या दिवसापेक्षा २ टक्क्यांनी उतरलेला असेल.

(३) उलाढालीचे स्तंभ : भावाच्या आलेखाखाली त्या कालखंडात किती समभागांचे व्यवहार झाले हे उभ्या स्तंभांनी दाखवतात. मोजक्याच समभागांच्या व्यवहारातून भाव वाढला असेल, तर ती वाढ किती खरेदीदारांना मान्य आहे याविषयी शंका घेण्यास जागा असते.

यांच्या जोडीला 'चल सरासरी' ही रेषा बहुतेक साधनांत असते. मागील पाच दिवसांचे बंद भाव १००, १०२, १०१, १०५ आणि १०७ असतील, तर पाच दिवसांची चल सरासरी १०३ येते. सहाव्या दिवशी सर्वांत जुना भाव गळून नवा भाव जोडला जातो. सरासरीमुळे दैनंदिन चढउतार सौम्य होतात, पण रेषा मागे पडते. वरील उदाहरणात भाव १०७ असताना सरासरी १०३ आहे. पन्नास दिवसांची सरासरी ही वस्तुतः सुमारे पंचवीस दिवसांपूर्वीच्या स्थितीची निदर्शक असते. भविष्य सांगणारी रेषा म्हणून जिची जाहिरात केली जाते, ती रचनेनेच भूतकाळ सांगणारी असते.

प्रारंभ कोठून करावा?

नवशिक्याने प्रथम माहितीचा स्रोत निश्चित करावा. समभाग व निर्देशांक यांच्यासाठी दोन्ही शेअर बाजारांची संकेतस्थळे, म्युच्युअल फंडांच्या नक्त मालमत्ता मूल्यासाठी फंडांच्या राष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे 'ॲम्फी'चे संकेतस्थळ आणि व्याजदर, विनिमय दर यांसारख्या स्थूल आकडेवारीसाठी रिझर्व्ह बँकेचे संकेतस्थळ हे मूळ स्रोत आहेत. दलाली संस्थांची ॲप व खासगी आलेख-संकेतस्थळे वापरण्यास सुलभ असतात. मात्र त्यांतील आकडे अधूनमधून मूळ स्रोताशी ताडून पाहावेत.

त्यानंतर आपण पाहत असलेला रोखा नेमका कोणता, याची खात्री करावी. सारख्या नावांच्या कंपन्या असतात; एकाच फंडाच्या अनेक योजना असतात. प्रत्येक रोख्याला बारा अक्षर-अंकांचा 'आयसिन' हा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. भारतीय रोख्यांच्या क्रमांकाचा प्रारंभ 'आयएन' या अक्षरांनी होतो. हा क्रमांक आपल्या डिमॅट विवरणपत्रातील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहणे हा सर्वांत सोपा उपाय होय. एवढे झाल्यावर पुढील चार तपासण्या कराव्यात.

पहिली तपासणी : मापश्रेणी

सेन्सेक्सच्या इतिहासातील तीन दिवसांची तुलना करू. रोखे घोटाळा उघडकीस आल्यानंतर, २८ एप्रिल १९९२ रोजी, निर्देशांक सुमारे ५७० अंशांनी कोसळला. करोना साथीच्या काळात, २३ मार्च २०२० रोजी, तो ३,९३४.७२ अंशांनी कोसळून २५,९८१.२४ वर बंद झाला. लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, तो ४,३८९.७३ अंशांनी घसरून ७२,०७९.०५ वर बंद झाला.

अंशांत मोजल्यास २०२४ ची घसरण सर्वांत मोठी आणि १९९२ ची नगण्य ठरते. टक्केवारीत मोजल्यास क्रम पालटतो.

२८ एप्रिल १९९२ : १२.७७ टक्के
२३ मार्च २०२० : १३.१५ टक्के
४ जून २०२४ : ५.७४ टक्के

१९९२ मध्ये निर्देशांक साडेचार हजारांच्या आत होता. त्यातून ५७० अंश जाणे म्हणजे शंभर रुपयांतील जवळजवळ तेरा रुपये एका दिवसात जाणे. २०२४ मध्ये निर्देशांक ७६,००० च्या वर होता. इतकेच नव्हे, तर ७ जून २०२४ रोजी, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत, तो घसरणीपूर्वीच्या पातळीच्या वर बंद झाला.

साध्या म्हणजे समान अंतराच्या मापश्रेणीवर सेन्सेक्सचा दीर्घकालीन आलेख काढला, तर १९९२ चा हाहाकार जवळजवळ दिसतच नाही आणि अलीकडची प्रत्येक हालचाल प्रचंड भासते. यावर उपाय म्हणजे लॉगॅरिदमीय मापश्रेणी. या श्रेणीवर १०० चे २०० होणे आणि १,००० चे २,००० होणे यांची उंची सारखीच असते, कारण दोन्हींत वाढ दुप्पट आहे. तीवर १९९२ आणि २०२० च्या घसरणी जवळजवळ समान, तर २०२४ ची त्यांच्या निम्म्याहून कमी दिसते. बहुतेक ऑनलाइन साधनांत ही सोय एका कळीवर उपलब्ध असते. एक वर्षापर्यंतच्या आलेखासाठी साधी श्रेणी चालते; पाच-दहा वर्षे वा त्याहून दीर्घ काळासाठी लॉगॅरिदमीय श्रेणीच वापरावी.

दुसरी तपासणी : आरंभीची तारीख

सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३.३३ वर बंद झाला. जागतिक वित्तीय संकटात तो कोसळत जाऊन ९ मार्च २००९ रोजी ८,१६०.४० वर आला. पुढे ५ नोव्हेंबर २०१० रोजी तो २१,००४.९६ वर पोहोचला.

आता दोन आलेख काढू. दोहोंची अखेर ५ नोव्हेंबर २०१० हीच आहे. पहिल्याचा आरंभ मार्च २००९ मध्ये केल्यास वीस महिन्यांत सुमारे १५७ टक्के वाढ दिसते. दुसऱ्याचा आरंभ जानेवारी २००८ मध्ये केल्यास जवळजवळ तीन वर्षांत एक टक्काही वाढ दिसत नाही. दोन्ही आलेख खरे आहेत. कोणाला काय विकावयाचे आहे, त्यानुसार त्यांपैकी एक निवडला जातो, इतकेच.

या आकड्यांतून आणखी एक अंकगणिती सत्य हाती लागते. २०,८७३ वरून ८,१६० वर येणे ही सुमारे ६१ टक्के घट आहे. ती भरून येण्यास सुमारे १५६ टक्के वाढ लागते. घट आणि भरपाई यांची टक्केवारी सारखी नसते. पन्नास टक्के गमावल्यानंतर मूळपदावर येण्यासाठी शंभर टक्के मिळवावे लागतात. म्हणून कोणत्याही योजनेची जाहिरात पाहताना आलेखाचा आरंभ खोल नीचांकापाशी तर ठेवलेला नाही ना, हे पाहावे. स्वतः आलेख काढताना एका कालखंडावर विसंबू नये. एक, तीन, पाच आणि दहा वर्षांचे आलेख शेजारी ठेवून पाहावेत.

तिसरी तपासणी : समायोजन

रिलायन्स इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये एकास एक बक्षीस समभाग दिले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी समभागाचा बंद भाव सुमारे २,६५५ रुपये होता; पुढील व्यवहाराच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, तो १,३३० रुपयांच्या आसपास होता. असमायोजित आलेखावर हे निम्मे मूल्य नाहीसे झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात भागधारकाकडील एका समभागाचे दोन समभाग झाले होते आणि त्याच्या एकूण मूल्यात या कारणाने काहीही घट झाली नव्हती. समायोजित आलेखात जुने भाव त्याच प्रमाणात विभागून दाखवतात, त्यामुळे रेषा सलग राहते. दर्शनी मूल्याचे विभाजन झाल्यावरही हेच घडते.

लाभांशाची बाब किंचित वेगळी आहे. लाभांश दिल्यावर भाव त्या प्रमाणात उतरणे स्वाभाविक असते, पण रक्कम गुंतवणूकदाराच्या हाती आलेली असते. केवळ भावाचा निर्देशांक ही रक्कम मोजत नाही. 'एकूण परतावा निर्देशांक' ती पुन्हा गुंतवली असे मानून मोजतो. फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनी आपली कामगिरी एकूण परतावा निर्देशांकाशीच ताडून दाखवावी, असे सेबीने बंधनकारक केले. त्यापूर्वी लाभांश धरून काढलेला फंडाचा परतावा लाभांश न धरलेल्या निर्देशांकाशी ताडला जाई आणि फंड व्यवस्थापक प्रत्यक्षापेक्षा अधिक कुशल भासत.

चौथी तपासणी : तुलनेचा आधार

एका समभागाचा भाव २५० वरून ३०० रुपये झाला आणि दुसऱ्याचा ४,००० वरून ४,४०० रुपये. रुपयांत दुसऱ्याची वाढ आठपट आहे. परंतु दोघांचाही आरंभ १०० मानला, तर पहिला १२० वर आणि दुसरा ११० वर पोहोचलेला दिसतो. दोन रोख्यांची तुलना नेहमी अशा समान आधारावरच करावी. ऑनलाइन साधनांतील 'तुलना' ही सोय हेच काम करते.

तुलना कोणाशी, हेही महत्त्वाचे आहे. मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडाची तुलना मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी, लहान कंपन्यांच्या फंडाची लहान कंपन्यांच्या निर्देशांकाशी करावी. एकाच योजनेचे 'थेट' आणि 'नियमित' असे दोन प्रकार जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. दोहोंमागील रोखे तेच असतात, तरी दहा वर्षांच्या आलेखावर त्यांच्या रेषा एकमेकींपासून दूर जाताना दिसतात. हे अंतर म्हणजे मुख्यतः वितरकाचे कमिशन. एका वर्षात न जाणवणारा खर्च चक्रवाढीने किती होतो, हे समजावण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

महागाई हा तुलनेचा अखेरचा आधार होय. ७ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल, तर वास्तव परतावा २ टक्क्यांहूनही किंचित कमी असतो. रुपयांतील रेषा वर जात असताना क्रयशक्तीची रेषा सपाट असू शकते.

स्वतःच्या गुंतवणुकीचा आलेख

या साधनांचा सर्वांत मोलाचा उपयोग बाजाराचा वेध घेण्यात नसून स्वतःच्या बचतीचा हिशेब ठेवण्यात आहे. त्यासाठी साधी संगणकीय तक्तापत्रिका पुरेशी होते. तारीख, रोख्याचे नाव, नगसंख्या, भाव, गुंतवलेली किंवा काढलेली रक्कम आणि खर्च एवढे रकाने करावेत. निक्षेपागारांकडून मिळणाऱ्या एकत्रित विवरणपत्रावरून नोंदी पडताळाव्यात.

येथे एक सापळा आहे. समजा, वर्षारंभी एखाद्याची गुंतवणूक १,००,००० रुपये होती. प्रत्येक महिन्याच्या आरंभी तो ५,००० रुपयांची भर घालत गेला आणि वर्षाअखेर मूल्य १,६२,००० रुपये झाले. मूल्याचा आलेख ६२ टक्के वर गेलेला दिसेल. पण त्यातील ६०,००० रुपये त्याने स्वतः घातलेले आहेत. खरा लाभ २,००० रुपये, म्हणजे सरासरी गुंतलेल्या रकमेवर सुमारे दीड टक्का. मूल्याची रेषा आणि परताव्याची रेषा वेगळ्या असतात. निरनिराळ्या तारखांना रक्कम गुंतवलेली असल्यास तक्तापत्रिकेतील 'एक्सआयआरआर' हे सूत्र वापरावे. रकमा व तारखा दिल्या की वार्षिक परताव्याचा दर त्यातून मिळतो. नियोजनबद्ध मासिक गुंतवणूक करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी हा हिशेब करावा.

आलेखाच्या मर्यादा

भूतकाळातील आकृतिबंधांवरून उद्याचा भाव सांगता येतो का? फ्रेंच गणिती लुई बाशेलिए यांनी १९०० मध्येच भावांच्या हालचालीस यादृच्छिक मानणारी मांडणी केली होती. युजीन फामा यांनी १९७० मध्ये कार्यक्षम बाजाराच्या गृहीतकाचा व्यापक आढावा घेतला. उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेली असेल, तर जुन्या भावांवरून सातत्याने असाधारण नफा मिळवणे अवघड, असा त्याचा आशय आहे. रॉबर्ट शिलर यांनी भावांतील अतिरेकी चढउतारांकडे लक्ष वेधून वेगळी भूमिका मांडली. लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह या दोघांना २०१३ चा अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार विभागून मिळाला. मतभेद असले, तरी अल्पकालीन भाव आकृत्यांवरून खात्रीने सांगता येतात, असा दावा या दोन्ही विचारधारांत नाही.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग स्वतः करून पाहावा. १०० या आकड्यापासून आरंभ करून शंभर वेळा नाणे उडवावे. छाप पडल्यास एक मिळवावा, काटा पडल्यास एक वजा करावा आणि येणारे आकडे रेषेने जोडावेत. त्या रेषेत 'आधार', 'अडथळा', 'कल' हे सारे दिसू लागेल. नाण्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते.

आलेखाला आणखी एक गोष्ट ठाऊक नसते आणि ती म्हणजे ताळेबंदाचा खरेपणा. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेबांतील खोटेपणा कबूल केला आणि एका दिवसात समभागाचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. भावाची रेषा जे सांगत आली होती, ते खोट्या हिशेबांवर विसंबून सांगत होती.

मर्यादांचे हे भान सुटल्यास काय होते, ते सेबीच्या अभ्यासांतून स्पष्ट होते. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व विकल्प व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. या तोट्याची एकत्रित रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. जुलै २०२४ मधील दुसऱ्या अभ्यासात, २०२२-२३ या वर्षी रोख बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाल्याचे आढळले. आलेख या सर्वांना उपलब्ध होते. तेव्हा उणीव साधनांची होती असे म्हणता येत नाही. क्षणाक्षणाला बदलणारी रेषा वारंवार व्यवहार करण्यास उद्युक्त करते आणि प्रत्येक व्यवहारागणिक दलाली, कर व शुल्क यांचा खर्च वाढत जातो.

आलेख दाखवून खरेदी-विक्रीचा सल्ला देणाऱ्यांबाबत कायदेशीर स्थितीही माहीत असावी. गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ चे आणि संशोधन विश्लेषकांसाठी २०१४ चे सेबीचे विनियम आहेत. त्यांनुसार मोबदला घेऊन असा सल्ला देण्यास नोंदणी आवश्यक असते. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तक्रारींसाठी 'स्कोअर्स' ही ऑनलाइन यंत्रणा २०११ पासून कार्यरत आहे.

समारोप

पडद्यावरील भाव सर्वांना एकाच वेळी दिसू लागले, ही गेल्या तीन दशकांतील मोठी उपलब्धी आहे. तिचा लाभ सामान्य बचतदारास मिळावयाचा असेल, तर आलेख-साक्षरता ही आर्थिक साक्षरतेचा भाग बनली पाहिजे. कोणताही आलेख समोर आला की चार प्रश्न विचारावेत : मापश्रेणी कोणती? आरंभ कोठून? भाव समायोजित आहेत का? तुलना कशाशी? या चारांची उत्तरे मिळाल्यावर बहुतेक आलेखांतील थरार ओसरतो आणि माहिती उरते. महिन्यातून एकदा आकडे नोंदवणारा व वर्षातून एकदा परताव्याचा हिशेब करणारा गुंतवणूकदार दिवसभर पडद्याकडे पाहत बसत नाही. पण आपली बचत कोठे उभी आहे, हे त्याला अचूक ठाऊक असते.

सरावासाठी प्रश्न

१. २८ एप्रिल १९९२ आणि ४ जून २०२४ या दिवशींच्या सेन्सेक्समधील घसरणींची अंशांत व टक्केवारीत तुलना करून लॉगॅरिदमीय मापश्रेणीची आवश्यकता स्पष्ट करा.

२. भाव निर्देशांक आणि एकूण परतावा निर्देशांक यांतील फरक सांगा. २०१८ मधील सेबीच्या निर्णयाचे महत्त्व लिहा.

३. एखाद्या गुंतवणुकीचे मूल्य ४० टक्क्यांनी घटल्यास मूळपदावर येण्यासाठी किती टक्के वाढ आवश्यक आहे?

४. 'भाव सर्वांना एकाच वेळी कळल्याने गुंतवणूकदारांतील विषमता संपत नाही.' वायदे व विकल्प व्यवहारांविषयीच्या सेबीच्या अभ्यासाच्या आधारे चर्चा करा.